दिवसभर राबतो, मग व्यायाम कशाला?

जुलैचा दुसरा पंधरवडा. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गडचिरोलीच्या सीमेजवळच्या केशोरी परिसरात या दिवसांत सकाळी घरी फारसं कुणी सापडत नाही. धानाची रोवणी सुरू असते. बांधीत चिखल तयार असतो, पऱ्ह्यांच्या पेंड्या जागोजागी टाकलेल्या असतात आणि बायांची ओळ कमरेत वाकून, एकेक पाऊल मागे घेत सरकत असते. डाव्या हातात पेंडी, उजव्या हाताने रोपं सुटी करायची आणि चिखलात खोवायची. डोक्यावर पाऊस नाही तर ऊन.

या कामाचा हिशेब कागदावर मांडून पाहू. दोन ओळींत २० सेंटिमीटर आणि दोन चुडांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर एका चौरस मीटरमध्ये ३३ चुडं बसतात. म्हणजे एका एकरात जवळपास १ लाख ३५ हजार. दहा बायांनी दिवसाला एक एकर उरकला, तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेतेरा हजार चुडं येतात. तितक्या वेळा हात खाली जातो, आणि त्यातला बहुतेक वेळ कंबर वाकलेलीच असते. हे पुढचे दोन-तीन आठवडे रोज चालतं.

अशाच एखाद्या बाईला पुढे केव्हातरी आरोग्य केंद्रात डॉक्टर सांगतात, "बाई, तुमचा बीपी वाढलाय, वजनही वाढलंय. रोज थोडा व्यायाम करा, अर्धा तास चाला." तेव्हा ती हसते. "दिवसभर त राबतोच जी, आखीन कुठं चालू?"

तिचा प्रश्न चुकीचा नाही. व्यायाम म्हणजे स्नायूंना काम देणं, आणि तिच्या स्नायूंना कामाची कमतरता नाही. मग शेतात राबणाऱ्या माणसाला व्यायामाचे सगळे फायदे मिळतात का? गेली सत्तर वर्षं शास्त्रज्ञ या प्रश्नाभोवती फिरत आहेत. त्यांना मिळालेलं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर

सुरुवात झाली ती लंडनच्या दुमजली बसमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकाराचं प्रमाण वाढू लागलं होतं आणि त्याचं कारण कुणाला नीट उमगत नव्हतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसमध्ये, एकाच शहरात, साधारण एकाच आर्थिक स्तरातले. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर पाळीभर जिना चढत-उतरत तिकिटं फाडत असे. १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता, आणि झालाच तर तो कमी तीव्र होता.

मॉरिस यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर शंकाही घेतली. मुळात जाडजूड माणसंच ड्रायव्हरची नोकरी घेत असतील तर? त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापं मागवली. ड्रायव्हरांच्या पँटचा कमरेचा घेर खरोखरच जास्त निघाला. हे १९५६ मध्ये त्यांनी प्रसिद्धही केलं. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं. तरीही पुढच्या अनेक अभ्यासांनी मूळ मुद्दा टिकवून धरला: हालचाल करणारं शरीर जास्त काळ निरोगी राहतं.

या निष्कर्षावरच आजचा सगळा व्यायामाचा सल्ला उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम. या मापाने रोवणी करणारी बाई आठवड्याचा कोटा सोमवारी दुपारपर्यंतच पूर्ण करते.

डेन्मार्कमधून आलेलं कोडं

इथपर्यंत सारं सोपं होतं. पण डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हालचालीचे दोन भाग पाडून पाहिले: फावल्या वेळात स्वतःहून केलेली हालचाल आणि पोटासाठी कामावर करावी लागणारी हालचाल. कोपनहेगनमधल्या एका मोठ्या पाहणीत १ लाख ४ हजार लोकांचा सरासरी दहा वर्षं माग ठेवण्यात आला. २०२१ मध्ये त्याचे आकडे आले. फावल्या वेळात भरपूर हालचाल करणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होता. याउलट, ज्यांचं रोजचं कामच अतिशय कष्टाचं होतं, त्यांच्यात तो २७ टक्क्यांनी जास्त होता. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांसारख्या गंभीर घटनांचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त होता. वय, धूम्रपान, शिक्षण, उत्पन्न अशा गोष्टींचा हिशेब करूनही हा फरक उरला.

तीच हालचाल, तेच स्नायू, पण परिणाम उलट. संशोधकांनी याला 'शारीरिक हालचालीचा विरोधाभास' असं नाव दिलं.

हे आकडे केशोरीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. डेन्मार्कमधला गोदाम कामगार आणि झाडीपट्टीतली शेतमजूर यांचं जगणं वेगळं. भारतासह १७ देशांतल्या १ लाख ३० हजार लोकांच्या 'प्युअर' नावाच्या अभ्यासात २०१७ मध्ये वेगळं चित्र दिसलं होतं. तिथे घरकाम, शेतीकाम, पायी जाणं-येणं असं सगळं मोजलं गेलं, आणि कुठल्याही मार्गाने आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करणाऱ्यांत मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी कमी आढळला. बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या चिमाने आदिवासींचंही उदाहरण आहे. शिकार, मासेमारी आणि शेती करत ते दिवसाचे कित्येक तास हालचालीत असतात. त्यांच्यातल्या ४० वर्षांवरच्या ७०५ जणांच्या हृदयाचे स्कॅन केलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८५ टक्के लोकांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचा थर जवळपास नव्हताच.

मग खरं कोणतं? दोन्ही. श्रम शरीराला घडवतात आणि झिजवतातही. कोणत्या बाजूने पारडं झुकणार, हे श्रम किती तास, कोणत्या स्थितीत, किती विश्रांतीसह आणि कोणत्या जेवणावर केले जातात, यावर ठरतं. चिमाने माणूस थकला की बसतो. कधी चालतो, कधी होडी वल्हवतो, कधी झाड तोडतो. एकरामागे ठरलेल्या ठेक्यावर रोवणी करणाऱ्या बाईला ती मुभा नसते. ओळीतल्या बाकीच्या पुढे जातात, ती मागे राहते.

शरीर घडतं ते विश्रांतीत

व्यायामाने ताकद वाढते ती व्यायाम चालू असताना नाही. त्या वेळी स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, साठवलेली साखर संपते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. नंतरच्या विश्रांतीत शरीर ही डागडुजी करतं आणि पुढच्या वेळेसाठी थोडी जास्त तयारी करून ठेवतं. पैलवान तालमीत दोन तास घाम गाळतो, मग खुराक खातो आणि झोपतो. ही तिन्ही कामं मिळून त्याचं शरीर बनतं.

कष्टाच्या मजुरीत हे चक्र अर्धवट राहतं. जोर कमी, पण तास जास्त. हृदय मजबूत होण्यासाठी ठोके काही मिनिटं चांगले वाढून मग खाली यावे लागतात. दिवसभराच्या संथ कष्टात ते फार वर जात नाहीत आणि खालीही येत नाहीत. आठ-नऊ तास मधल्या पातळीवर ताणलेले राहतात. रक्तदाबाचंही तेच. वाकून किंवा उकिडवं बसून एकाच स्थितीत राहिलं, की आवळलेल्या स्नायूंतून रक्त नीट फिरत नाही, तरी हृदयाला जोर लावावाच लागतो. संध्याकाळी घरी आलं की चूल, पाणी, भांडी, मुलं. पुरुष निदान पारावर टेकतो; बाईची दुसरी पाळी सुरू होते. सकाळी पुन्हा बांधी. कालची डागडुजी व्हायच्या आत आजची झीज सुरू.

आपल्या जुन्या वैद्यकाला ही मर्यादा माहीत होती. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात व्यायाम अंगातल्या निम्म्या शक्तीपुरताच करावा, असं सांगितलं आहे. कपाळाला, काखेत घाम आला, तोंडाने श्वास घ्यावा लागला की निम्मी शक्ती खर्ची पडली, थांबावं, असा तो अंदाज. मजुरीवर जाणाऱ्याला ही खूण सकाळी दहालाच गाठते, आणि दिवस तर पुढेच असतो.

कमरेच्या मणक्यात काय घडतं

या भागातलं सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे कंबर. शेजारच्या गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने गावांमध्ये केलेल्या अभ्यासातही पाठ, कंबर आणि सांधेदुखी हा शेतकरी-मजुरांचा फार मोठा प्रश्न असल्याचं पुढे आलं. कुणाचा जीव लगेच जात नाही, म्हणून त्याकडे लक्ष जात नाही. पण रोजी बुडते.

दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, रबरी गोळ्यासारखी, आत पाणीदार गर. १९९९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी एका निरोगी माणसाच्या कमरेतल्या गादीत बारीक मापक बसवून दिवसभर दाब मोजला. पालथं झोपल्यावर दाब ०.१ होता (एकक मेगापास्कल). सरळ उभं राहिल्यावर ०.५. कमरेत वाकल्यावर १.१, म्हणजे उभं राहण्याच्या दुपटीहून जास्त. पाठ वाकवून २० किलो वजन उचललं तेव्हा २.३. तेच वजन गुडघे वाकवून उचललं तर १.७, आणि अंगाजवळ धरलं तर पुन्हा १.१.

या आकड्यांत घरी न्यायच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, रोवणीतली बाई काहीच वजन उचलत नसली तरी तिच्या गादीवर उभ्या माणसाच्या दुप्पट दाब तासन् तास असतो. दुसरी, धानाचा भारा, पाण्याची घागर किंवा खताचं पोतं उचलताना ते अंगाला भिडवून धरलं, तर कमरेवरचा दाब निम्म्यावर येतो. वजन तेच राहतं, फक्त ते कुठे धरलं एवढंच बदलतं.

याच मापनात आणखी एक गोष्ट दिसली. रात्रभर आडवं पडल्यावर गादी पाणी शोषून पुन्हा फुगते. त्यामुळे पहाटे ती सर्वात टंच असते, आणि उठल्या-उठल्या कमरेत वाकलं तर तिच्यावर जास्त ताण येतो. कंबरदुखीच्या रुग्णांनी सकाळचे सुरुवातीचे काही तास वाकणं टाळलं, तर त्यांचं दुखणं कमी होतं, हे १९९८ मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. आपल्याकडे नेमकं उलट घडतं. उठल्याबरोबर वाकून अंगण झाडायचं, सडा टाकायचा, गोठा काढायचा आणि मग बांधीत जायचं. लांब दांड्याचा झाडू ही शहरी चैन वाटते. कंबरेच्या दृष्टीने ती औषधाची गोष्ट आहे.

रोवणी संपली म्हणजे दुखणं संपत नाही, जागा बदलतं. कापणीत उकिडवं बसून विळा चालवला की गुडघे बोलू लागतात. केशोरीची मिरची सगळ्या भागात नावाजलेली. तिच्या तोडणीत मान आणि खांदे अवघडतात, शिवाय हातांची आग होते. मिरचीतलं कॅप्सेसिन त्वचेखालच्या उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून भाजलं नसतानाही भाजल्यासारखं वाटतं. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. कॅप्सेसिन नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी हाताला तेल चोळून मग साबणाने धुतलं तर आग लवकर शमते.

रिकाम्या ताटावरचं कष्ट

पैलवानाच्या खुराकाची गोष्ट वर आली. आपल्या मजूर बाईचं ताट कसं असतं? आयसीएमआरच्या हैदराबाद इथल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठं काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला १,६६० कॅलरी लागतात, मध्यम काम असेल तर २,१३०, आणि कष्टाचं काम असेल तर २,७२०. म्हणजे रोवणीच्या दिवसांत तिला जवळपास हजार कॅलरी जादा हव्यात, साधारण ३०० ग्रॅम तांदळाइतक्या. भात वाढवून घेता येतो, पण डागडुजीला लागतात प्रथिनं आणि लोह. ते डाळ, अंडी, मासे, हरभरा, हिरव्या भाज्या यांतून येतं, आणि नेमकं तेच ताटात कमी असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंपर्यंत प्राणवायू कमी. मग तेवढंच काम करायला हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत १९७० च्या दशकात रक्तक्षय असलेल्या महिला मजुरांना लोहाच्या गोळ्या देऊन पाहिलं. काही आठवड्यांत त्यांची दिवसाची चहापत्तीची खुडणी वाढली. तोवर ज्याला आळस म्हटलं गेलं असतं, ते रक्तातलं लोह होतं.

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, ती म्हणजे सिकलसेल. गोंदिया, गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात हा आनुवंशिक आजार बराच आहे. रुग्णाच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी झाला, शरीरातलं पाणी कमी झालं की विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. अति श्रम, कडक ऊन, तहान मारून काम करणं, थंडीत भिजणं, यांनी असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा तरुणाला 'अंगकाठी बारीक आहे, कामाने सुधारेल' असं म्हणणं घातक आहे. त्याला हलकं काम, वरचेवर पाणी आणि नियमित औषध लागतं. आणि कारण न कळता लोहाच्या गोळ्या घेणं त्याच्या बाबतीत बरोबर नाही. तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. १ जुलै २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे.

सावली, पाणी आणि वेळ

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, भर उन्हात गठ्ठे घेऊन यायचं आणि घरी बसून पुडे बांधायचे. विदर्भात त्या वेळी पारा ४५ च्या घरात असतो. घामातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. तहान लागेपर्यंत थांबलं तर शरीर आधीच मागे पडलेलं असतं, आणि पाणी कमी पडलं की सगळ्यात आधी ताण येतो तो मूत्रपिंडांवर.

मध्य अमेरिकेतल्या ऊसतोडणी कामगारांमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने हजारो तरुण दगावले, तेव्हा तिथे एक साधा प्रयोग झाला. ठरावीक वेळाने सक्तीची विश्रांती, हलवता येणारी सावली आणि प्रत्येकाच्या हाताशी पाणी. मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली. मालकांना भीती होती की तोडणी घटेल. एल साल्वाडोरमधल्या प्रयोगात तर ती उलट वाढली. थकलेला हात दिवसभर चालवण्यापेक्षा ताजा हात थोडा वेळ चालवणं फायद्याचं ठरलं.

हे उदाहरण शेतमालकांनी मनावर घ्यावं असं आहे. रोवणीच्या ओळीला तासाभराने दहा मिनिटं धुऱ्यावर बसू दिलं, तर दिवसाचं नुकसान होत नाही. बाया एकमेकींच्या नादाने थांबत नाहीत, म्हणून थांबण्याची वेळ आधीच ठरवलेली बरी.

राबणारे कमी, बसणारे जास्त

या सगळ्यावरून कष्ट वाईट आणि खुर्ची चांगली, असा अर्थ कुणी काढू नये. खेड्यातही आता बसून राहणाऱ्यांची संख्या कमी नाही. महाराष्ट्रासह चार ठिकाणी झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. त्यात शहरातले ६५ टक्के आणि खेड्यातले ५० टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले. व्यायाम किंवा खेळासाठी वेळ काढणारे दहा टक्क्यांहूनही कमी. २०२२ च्या आकड्यांवरचा दुसरा अभ्यास सांगतो की भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि त्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त आहेत.

खेड्यात हे कसं घडलं, ते डोळ्यांसमोर आहे. नांगरणीला ट्रॅक्टर आला, कापणीला हार्वेस्टर. सायकलची जागा मोटारसायकलने घेतली. चौकापर्यंतही गाडी काढली जाते. धानाच्या शेतीत काम वर्षभर सारखं नसतं. रोवणी आणि कापणी यांत शरीर पिळून निघतं, आणि मधल्या महिन्यांत अनेक पुरुषांना फारसं काही काम नसतं. महिनाभर बसून राहिलेलं शरीर अचानक रोवणीला जुंपलं, की पहिल्याच आठवड्यात कंबर धरते. ज्यांनी शेती ठेक्याने दिली आणि स्वतः दुकान, कार्यालय किंवा टीव्हीसमोर बसले, त्यांच्या ताटात मात्र भाताचा डोंगर आजोबांच्या काळचाच राहिला. साखर आणि रक्तदाब गावात आले ते या वाटेने.

म्हणून एकाच गावात दोन वेगळे सल्ले द्यावे लागतात.

राबणाऱ्यांसाठी

• हंगामाच्या आधी दोन-तीन आठवडे शरीर तयार करा. रोज थोडं चालणं, उठाबशा, पोट आणि पाठीचे साधे व्यायाम. पहिल्या दिवशी पूर्ण ताकद लावू नका.

• वाकून काम करताना दर अर्ध्या-पाऊण तासाने सरळ उभं राहा. दोन्ही हात कमरेच्या मागे ठेवून हळूच पाच-सहा वेळा मागे झुका. जो स्नायू कामात दिवसभर ताणला जातो, त्याला उलट दिशेने मोकळं करणं हाच राबणाऱ्याचा व्यायाम.

• एकच काम दिवसभर करू नका. पऱ्हे उपटणं, पेंड्या वाहणं, रोवणं हे आळीपाळीने करा.

• वजन अंगाजवळ धरा, गुडघे वाकवून उचला, उचलताना कमरेत वळू नका.

• घोट-घोट पाणी वरचेवर प्या. उन्हाच्या दिवसांत मीठ-साखरेचं पाणी, ताक किंवा पेज सोबत ठेवा. बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाबाबत डॉक्टरांना विचारा.

• हंगामात बाईचं जेवण शेवटचं आणि उरलेलं नको. डाळ, अंडं, मासा, शेंगदाणे यांतलं काहीतरी रोज तिच्या ताटात असावं. रोवणीहून आल्यावर घरातलं एक काम दुसऱ्या कुणी उचललं, तर ते औषधासारखं काम करतं.

• बीपी, साखर आणि हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासून घ्या. कष्टाळू माणसाला हे आजार होत नाहीत, हा गैरसमज आहे.

• कंबरदुखीसोबत पायात मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. दुकानातून रोज वेदनाशामक गोळी आणून काम रेटणं मूत्रपिंडांना महागात पडतं, विशेषतः उन्हात आणि उपाशीपोटी.

बसणाऱ्यांसाठी

आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपाझप चालणं ही सुरुवात पुरेशी आहे. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग ठेवा. सलग वेळ नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. किलोमीटरभराच्या कामाला गाडी काढू नका. आठवड्यातून दोनदा ताकदीचं काम करा. परसबागेत कुदळ चालवलीत तरी चालेल. शेती असेल तर रोज तासभर बांधावर उतरा. तुमच्यासाठी तोच सर्वात स्वस्त दवाखाना आहे.

आणि ज्यांच्याकडे गावातल्या कामाची सूत्रं आहेत, त्यांच्यासाठीही काही आहे. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने स्त्रियांच्या अंगमापाचा विचार करून हलकी अवजारं बनवली आहेत. उभ्याने चालवायची निंदणीची अवजारं त्यांत आहेत. रोवणी यंत्र आणि पेरणीचे ड्रमही उपलब्ध आहेत. यंत्र आलं की मजुरी जाईल, ही बायांची भीती खरी आहे. म्हणून यंत्र चालवायला आणि भाड्याने द्यायला बचत गटांना पुढे करणं, हा त्यावरचा एक रास्त मार्ग आहे. तसं झालं तर कंबरही वाचेल आणि रोजीही.

आरोग्य केंद्रातल्या त्या बाईकडे परत येऊ. "दिवसभर त राबतोच जी," असं ती म्हणाली, तर तिला आणखी अर्धा तास चालायला सांगण्यात अर्थ नाही. तिला विचारायला हवं: "काल किती झोपलात? दुपारी काय खाल्लंत? पाणी किती प्यायलात? कंबर सरळ करायला कुणी थांबू देतं का?" तिच्या चिठ्ठीवर व्यायामाच्या जागी विश्रांती लिहावी लागेल. आणि तिला रोजाने लावणाऱ्या, स्वतः सावलीत बसून हिशेब करणाऱ्या शेतमालकाच्या चिठ्ठीवर अर्धा तास चालणं.